न हलणारा हात

माझ्या डाव्या हाताचं कुणी कौतुक केलं की मी विषय बदलतो. घरच्यांना तो विनय वाटतो. गिटार शिकायला येणाऱ्या मुलांनाही तसंच वाटत आलं. माझी बोटं दांडीवर वेगाने चालतात पण चालताना दिसत नाहीत, असं माझ्याबद्दल बोललं जातं. ही माझी स्वतःची पद्धत आहे असंही. एकदोनदा छापून आलं. मी ते कधी खोडलं नाही. आधी सांगायची हिंमत नव्हती. मग सांगून आता काय होणार, असं स्वतःला पटवलं. नंतर तर इतकी वर्षं गेली की सांगितलं तर तोही मोठेपणा मिरवणंच होईल, अशी पळवाट सापडली. ज्यांच्या तोंडावर सांगायला लाज वाटली असती ती माणसं आता राहिलेली नाहीत, म्हणून लिहितो आहे. तेव्हा यातही फार काही धैर्य आहे असं कुणी समजू नये.

तो हात माझ्या वहिनीचा होता.

आम्ही लालबागचे. चाळीतली एक खोली, बाहेर सामाईक गॅलरी, आई, मोठा भाऊ आणि मी. वडील आधीच गेले होते. दादा गिरणीत विणखात्यात होता आणि मी मॅट्रिक होऊन नोकरी शोधत होतो, म्हणजे बहुतेक वेळ गॅलरीत उभा असे. दादाचं लग्न झालं ते मराठी राज्यासाठी चाललेल्या चळवळीच्या दिवसांत. भिंती चुन्याने लिहिलेल्या घोषणांनी भरल्या होत्या आणि आमच्या जिन्यात तर एकावर एक अशा दोन-तीन घोषणा होत्या.

वहिनी गिरगावची. तिचे वडील वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कारागीर होते. पेट्या, दिलरुबे, मेंडोलिनी, आणि बँडमध्ये वाजवणाऱ्या गोवेकरांच्या गिटारी त्यांच्याकडे येत. गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही पडदे म्हणतो. वडिलांनी पडदे नवे बसवले की एखादा वर राहिला आहे का, कुठे तार खरखरते आहे का, हे पाहण्याचं काम लहानपणापासून वहिनीकडे होतं. दुकान उघडण्याआधी ते उरकावं लागे. प्रत्येक तारेवर, प्रत्येक पडद्याला लागून बोट ठेवायचं, तार छेडायची आणि पुढे सरकायचं. जोरात दाबलं तर वाईट पडदाही गप्प बसतो आणि दोष लपतो, म्हणून खरखर जेमतेम थांबेल एवढंच दाबायचं. चार पडद्यांवर चार बोटं, एकही बोट उगाच वर उचलायचं नाही, कारण उचललं की खाली आणण्यात वेळ जातो. ती गाणं वाजवतच नव्हती. ती गिटारी तपासत होती. पण तपासता तपासता तिची बोटं अशी झाली होती की बघणाऱ्याला वाटावं, हिने हात नुसता दांडीवर ठेवून दिला आहे. कानावर मात्र पावसाळी पागोळ्यांसारखे स्वर पडत असत.

सासरी येताना वडिलांनी तिला एक गिटार दिली होती. खालची पोकळ पेटी एका मोडक्या गिटारीची, दांडी दुसरीची, दोघींचा रंग वेगळा. जुन्या लुगड्यात गुंडाळून ती आमच्या खोलीत आली तेव्हा आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्यां काय गो हाडलंस? हंय माणसांक निजाक जागा नाय, ह्या लाकडाक खंय निजवतलंस?"

"खुंटीवर, आई," वहिनी म्हणाली. "ते उभ्यानेच झोपतं."

आई हसली. आई सहसा हसत नसे. गिटार खुंटीवर टांगली गेली.

दुपारी दादा कामावर असे, आई गॅलरीत डुलकी काढत असे. तेव्हा वहिनी ती काढायची. माझ्याहून ती थोडीच मोठी होती, मला अरेतुरे करायची आणि मला ते आवडायचं. मीच हट्ट धरला, मला शिकव म्हणून. धोबी तलावाकडे बँडवाल्यांना मी पाहिलं होतं. त्यांचे हात दांडीवर वरखाली उड्या मारायचे, मान हलायची, पोरी वळून बघायच्या. मला ते हवं होतं.

"अंगठा कुठे गेलाय तुझा?" ती म्हणायची. "बादली धरलीयस का? दांडीच्या मागे, मधोमध ठेव."

मी ठेवायचो. थोड्या वेळाने अंगठा पुन्हा वर डोकवायचा.

"आणि बोट पडद्याच्या मध्ये नको दाबूस. पडद्याला खेटून दाब. तिथे जोर लागत नाही."

"जोर लागला तर काय बिघडलं? आहे माझ्यात."

"आहे ना, मग पाण्याचे हंडे भर जा."

तिने दादाच्या डब्याचं फडकं माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर पसरलं होतं. वाजवताना ते पडलं नाही पाहिजे. बोट सुटलं तरी तारेवरून उठायचं नाही, नुसता दाब सोडायचा आणि तिथेच पडून राहायचं. वर चढताना मागची बोटं दाबलेलीच ठेवायची, म्हणजे परत उतरताना ती आधीच जागेवर असतात. माझं फडकं दर वेळी मांडीवर पडायचं. गॅलरीतून जाणाऱ्या शेजारणीने एकदा विचारलं, "काय रे, गळू झालंय का हाताला? फडकं बांधून बसलायस!" मला राग आला. मी फडकं फेकून दिलं आणि बँडवाल्यांसारखा हात नाचवून वाजवायला लागलो. आवाज फाटका यायचा, पण दिसायला झकास दिसायचं. वहिनी म्हणाली, "चांगलं नाचतोस." त्यानंतर एकच गिटार आळीपाळीने घ्यायची, साथीचा ठेका मी धरायचा आणि अवघड जागा तिने वाजवायच्या, असं आपोआपच ठरून गेलं.

चळवळीत तेव्हा चौकाचौकांत कलापथकं होती. ट्रकवर किंवा बाकांच्या स्टेजवर पोवाडे, गाणी, मध्ये नकला. परळकडच्या एका पथकाला वाटलं, पोवाड्याच्या दोन कडव्यांमध्ये काहीतरी नवं, वेगात वाजणारं हवं, म्हणजे गिरगाव-दादरची कॉलेजातली मुलंही थांबतील. त्यांना गिटार हवी आहे ही बातमी दादानेच आणली. जेवताना म्हणाला, "आपल्या घरात आहे की. हिला जाऊ दे. चळवळीचं काम आहे, कुणी काही बोलणार नाही. कोरसला बायका आहेतच त्यांच्याकडे."

त्या एका वाक्याचं मोल आजच्या वाचकाला कळणं कठीण आहे. सून चारचौघांत स्टेजवर बसून वाद्य वाजवणार, हे एरवी आमच्या चाळीत कुणी उच्चारलंही नसतं. चळवळ होती म्हणून ते दार तेवढं किलकिलं झालं होतं. वहिनी वाढता वाढता थांबली. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माका काय विचारतंस? राज्य मिळवूचा आसा तर बायलांनी पण जावंक होया." वहिनीच्या हातातली पळी कलली आणि आमटी ताटाबाहेर सांडली. ते मी पाहिलं होतं. तिला ते किती हवं होतं हे मला माहीत नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकत नाही.

तिने वडिलांच्या दुकानातून दुरुस्त होऊन पडलेली एक गिटार दोन दिवसांसाठी माझ्यासाठी आणली. तुकडा तिने बसवला. मी खालच्या अंगाने ठेका धरणार, ती वरून धावणार. भोईवाड्यात एका देवळामागच्या खोलीत पथकाची तालीम चाले, तिथे आम्ही चालत गेलो. वाटेत ती अधूनमधून डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर चालवून बघत होती.

पथकाचे प्रमुख वयाने मोठे होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. ढोलकीवाला, तुणतुणेवाला आणि आणखी काही मंडळी बसली होती. बायका त्या दिवशी आल्या नव्हत्या.

"गिटारवाले कोण?" मास्तरांनी विचारलं.

"आम्ही दोघं. या माझ्या वहिनी."

"सगळं घरच उचलून आणलंय," ढोलकीवाला म्हणाला. "पाटा-वरवंटा खाली ठेवलाय का रे?"

सगळे हसले. मीही हसलो. मी पुढे सतरंजीवर बसलो आणि वहिनी माझ्या मागे, भिंतीला टेकून. बायकांनी मागे बसायचं हे कुणी सांगावं लागत नसे. परके पुरुष होते म्हणून तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि त्याचं टोक डाव्या मनगटावर आलं होतं.

आम्ही वाजवलं. तो तुकडा तिने त्या दिवशी वाजवला तसा मी नंतर कधीच ऐकला नाही, माझ्या हातूनसुद्धा नाही. माझ्या पाठीमागून स्वरांचा लोट आला. मी पुढे बसून ठेका धरत होतो. सवयीने, आणि चारजण बघताहेत म्हणून, माझा हात दांडीवर वरखाली उड्या मारत होता, मान डोलत होती. तिच्या मनगटावरचा पदर हललासुद्धा नसेल.

आम्ही थांबलो. मग ढोलकीवाला ओरडला, "आयला, घोडाच सोडला की रे!" मास्तर उठून आले. त्यांनी माझा डावा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, बोटांची टोकं बघितली.

"काय बोटं आहेत रे तुझी! कशी पळतात! आणि वहिनी सूर धरून होत्या वाटतं? त्यांचा हात काही हलताना दिसला नाही."

त्या खोलीतल्या माणसांचा यात दोष नाही. त्यांनी आयुष्यभर ढोलकी बघितली होती, डफ बघितला होता. ज्याचा हात हलतो तो वाजवतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. गिटार जवळून कुणी पाहिलीच नव्हती.

"तो मधला पळता तुकडा तूच ना?" मास्तरांनी सरळ विचारलं.

मी मान खाली घातली. नंतर अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी लाजलो होतो, त्यांनी त्याचा होकार समजला. तसं नाही. मी मान खाली घातली ती होकार म्हणूनच.

"मग एक गिटार पुरे," मास्तर म्हणाले. "ट्रकवर जागा तरी कुठे आहे? वहिनींना उगाच त्रास नको. पुढच्या आठवड्यात ये, कडव्यांत बसवू."

मागे हालचाल झाली. वहिनी उठली, गिटार लुगड्यात गुंडाळली, पदर सारखा केला.

"चला, भावजी," ती म्हणाली.

तोपर्यंत तिने मला कधी भावजी म्हटलं नव्हतं. त्यानंतर दुसरं काही म्हटलं नाही.

रस्त्याने मी बडबडत राहिलो. मास्तरांना गिटार कळत नाही, पुढच्या वेळी मी सांगेन, तुला घेतल्याशिवाय मी जाणार नाही, असं बरंच काही. ती दोन पावलं पुढे चालत होती. लालबाग जवळ आल्यावर थांबली.

"त्यांना तो तुकडा हवा आहे. तुम्हाला येतो का?"

"नाही."

"मग उद्यापासून बसा."

"वहिनी, मी त्यांना सांगतो ना..."

"काय सांगणार? आत्ता सांगितलं नाहीत ते? मी तिथे तोंड उघडलं असतं तर मला पुन्हा वाजवायला लावलं असतं आणि तुम्हाला हाकललं असतं. मग आपण दोघं काय तोंड घेऊन घरी आलो असतो?"

घरी तिनेच दादाला सांगितलं, "भावजींना घेतलं. दोघांची गरज नव्हती." दादा म्हणाला, "बरंच झालं म्हणा. घरातली बाई उगाच ट्रकवर..." म्हणजे स्वतःच सुचवल्यापासून त्याला धाकधूक वाटत होती तर. आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माका वाटलां, हिकाच घेतले म्हणान." मी मोरीत जाऊन बराच वेळ हातपाय धूत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीने मला शिकवलं. पहिल्यासारखं नाही. चेष्टा संपली होती. फडकं पुन्हा बोटांवर आलं आणि पडलं की ती उचलून परत ठेवायची. तुकडा तिने इतका सावकाश वाजवायला लावला की ते गाणं आहे असं वाटेना. "वेग वेगळा आणायचा नसतो. बोटं फुकटची हिंडतात ती थांबवा." मी घाई केली की ती तारांवर तळवा ठेवून आवाज बंद करायची. माझी करंगळी सगळ्यांत हट्टी होती. बाकीची तीन बोटं कामाला लागली की ती छत्रीच्या काडीसारखी वर उभी राहायची. "करंगळी, भावजी," ती म्हणायची. दुपारभर ते दोन शब्द. मला कित्येकदा वाटलं, हिने मला एक थोबाडीत मारावी आणि संपवावं. पण ती मला तयार करत होती. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती मला ते खरं करून देत होती, आणि हे मला तेव्हाच कळत होतं.

मी तयार झालो. परळला, दादरला, गिरगावात चौपाटीकडच्या सभांना, माहीमला, वरळीच्या कोळीवाड्यात मासे वाळत घातलेल्या जागेत, जिथे पथक गेलं तिथे तो तुकडा वाजला. पोरं शिट्ट्या मारायची. गिटार अर्थात वहिनीचीच होती; दुकानातली परत गेली होती. तिच्या रिकाम्या खुंटीवर दादाचा डबा टांगला जाऊ लागला.

लालबागच्या आमच्याच मैदानात कार्यक्रम झाला तेव्हा सगळी चाळ लोटली होती. संपल्यावर मास्तरांनी मला माइकपाशी ओढलं. "हा तुमच्या चाळीतला पोरगा! विचारा, कुठे शिकला? सांग रे."

समोर बायकांच्या बाजूला आई आणि वहिनी बसल्या होत्या. पथकात माझी जागा पक्की झाली होती, तुकडा मला येत होता, आता सांगितलं असतं तर माझं काहीही जाणार नव्हतं. भोईवाड्यातल्या खोलीत मी घाबरलो होतो असं म्हणता येईल. इथे तेही म्हणता येत नाही.

"घरीच," मी म्हणालो. "आपलं आपणच."

टाळ्या झाल्या. दादा बाजूच्या माणसाला कोपर मारून सांगत होता, माझा भाऊ. आई उठून चालू लागली. वहिनी टाळ्या वाजवत होती. सगळे वाजवतात तेवढ्याच.

राज्य झालं. पेढे वाटले गेले, पथक हळूहळू पांगलं. मला त्या तुकड्याच्या ओळखीवर दादरच्या एका स्टुडिओत वाद्यवृंदात काम मिळालं, ते निवृत्त होईपर्यंत टिकलं. पुढे शिकवण्या केल्या. अंगठा मागे, बोट पडद्याला खेटून, दाब जेमतेम, बोट उचलू नका. मुलांच्या बोटांवर मी रुमाल पसरायचो. मुलं म्हणायची, काय डोकं चालवलंय सरांनी. जुनी गिटार पुढे दांडी वाकून निकामी झाली. मी ती वहिनीला परत नेऊन दिली, तेव्हा तिने ती उजेडात धरून दांडीवरून एक डोळा मिटून पाहिलं, वडील बघत असतील तसं, आणि म्हणाली, "गेली ही." तिने ती माळ्यावर टाकली. नंतर तिने कधी कुठली गिटार हातात घेतल्याचं मला माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही. माझ्याकडे तेव्हा दोन गिटारी होत्या.

दादा गेला. चाळीच्या जागी उंच इमारत आली, वहिनीला त्यात वरच्या मजल्यावर घर मिळालं. गुडघे धरले होते म्हणून ती खाली उतरत नसे. एका सकाळी मी ठरवून गेलो. घरी आरशासमोर बोलून बघितलं होतं. गिटार बरोबर घेतली, का ते नक्की सांगता येणार नाही. कदाचित हात मोकळे नकोत म्हणून.

तिने चहा केला. गुडघ्यांची, लिफ्टची, पाण्याच्या वेळांची चर्चा झाली. मग तिनेच विचारलं, "वाजवता ना अजून?"

मी पिशवीतून गिटार काढली आणि तो तुकडा वाजवला. बोलण्याच्या आधी वाजवावा, मग बोलणं सोपं जाईल असं वाटलं. ती खुर्चीत पुढे वाकून माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. मी संपवलं. खिडकीतून खालच्या रस्त्याचा आवाज येत होता. आता बोलायचं, मी तोंड उघडलं.

"करंगळी अजून उडते, भावजी," ती म्हणाली.

मी करंगळी तारेवर आणून ठेवली आणि पुन्हा वाजवलं. तिने मान हलवली. आणखी एकदा वाजवलं.

"आता बरी आहे."

मी गिटार पिशवीत घातली. म्हणालो, "येतो, वहिनी." ती म्हणाली, "या."

त्यानंतर मी तिला पाहिलं ते ती गेल्यावर तिला खाली आणलं तेव्हाच. जे सांगायला गेलो होतो ते फार नव्हतं, आणि तिच्यासमोर म्हणायच्याही आधी ते भोईवाड्यातल्या त्या खोलीत म्हणायचं राहून गेलं होतं: मास्तर, मी नाही. तो तुकडा वहिनींनी वाजवला. वहिनी, माझं चुकलं, मला क्षमा कर.